गाठ नसेल तर सरळ

१२ ऑक्टोबर

शेपूट,

'प्रिय' मुद्दामच लिहिलेलं नाही. राग उतरला की लिहीन, तोवर लाडक्या नावावर भागव. शेवटची सायकल कायम तुझी, म्हणून हे नाव पडलं, आणि ते मीच पाडलं. तेव्हा काढून घ्यायचा हक्कही माझाच आहे, हे लक्षात असू दे.

रविवारी संध्याकाळी "येतो ग दोन-चार दिवसांत" एवढं म्हणून तू शहरात गेलास. सोमवारी इथे काय झालं ते तुझ्या कानावर आलं की नाही कोण जाणे. फोन तू उचलत नाहीस. म्हणून पत्र. ते निदान अर्ध्यावर कट करता येत नाही.

सोमवारी दोन उघड्या मोटारी शेतात घुसल्या. तळ्याकाठच्या नव्या हॉटेलच्या, हत्तीच्या पायांसारख्या टायरच्या. लावणीपासून कापणीपर्यंत बांधावर इंजिन आणायचं नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तोवर ट्रॅक्टरसुद्धा छपराखाली गप उभे असतात. आणि नियम मोडायचा म्हटला तरी वाट सापडायला हवी ना? सगळं सपाट, सगळं हिरवं, एक बांध बघावा आणि दुसरा विसरावा. इथे जन्मलेली माणसंही चुकतात. पण या गाड्या चुकल्या नाहीत. बरोबर वळणावळणाला वळत आल्या, कारण वळणावळणाला माझ्या गाठी होत्या.

आपल्या रविवारच्या सायकल-फेरीच्या. पुढे मी, प्रत्येक वळणाला पेंढ्याची गाठ बांधत. मधे पाहुणे, ज्याच्या त्याच्या चालीने, एकमेकांच्या नजरेआड. शेवटी तू, गाठी उचलत. वाट आपल्या मागे मिटली पाहिजे, या एका अटीवर पाटाचं पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याने आणि शेतकऱ्यांनी आपल्याला बांधावर पाऊल ठेवू दिलं. आणि नेमका तू उचलायला विसरलास.

आता आठवतं, तू आलास तेव्हा तुझी टोपली रिकामी होती. आई चूल पेटवायला नेहमीसारखी गाठी मागायला आली. "आज गाठी कुठे रे?" तर तू म्हणालास, "वाटेत गाय भेटली, तिला घातल्या." पाहुणे हसले, मीही हसले. शेपट्या, त्या वाटेवर गाय कुठली? विसरलास आणि लाजून थाप मारलीस, एवढंच ना? मग तसं सांगायचं होतंस. उजेड होता अजून, मी मागे फिरून उचलून आणल्या असत्या.

पंपघरापर्यंत गाड्या शहाण्यासारख्या आल्या. तिथे उजवीकडे वळलं की आपलं अंगण. पण तिथेच त्या आंधळ्यांना वळण दिसलं नाही. सरळ गेले, शेजारच्या काकूच्या शेतातल्या वीतभर बांधावर. पहिली गाडी घसरली आणि बांध घेऊनच खाली गेली. दुसरी तिला ओढायला उभ्या पिकातून आत शिरली. दाणा दुधात आला होता रे. काका गेल्यापासून काकू ते शेत एकटीने करते आहे, आणि त्या दिवशी ती कमरेवर हात ठेवून नुसती उभी होती. शेतातलं पाणी फुटक्या बांधातून जात होतं, त्याचा आवाज ऐकत. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

सगळे माझ्याकडे बघतात. गाठ डावखुरी, उलट्या पिळाची. दुसरं कुणीच तशी बांधत नाही. हिनेच वाट विकली, असं माझी पाठ वळली की बोलतात, आणि पाठ वळायची वाट बघण्याचीही तसदी काही जण घेत नाहीत. पाटकरी म्हणाला, "बैठक कोठारात. तू ये, आणि त्या शेवटच्यालाही घेऊन ये. मग ठरवू सायकली राहतात की जातात."

तेव्हा ये. एकच वाक्य बोल: मी विसरलो, ताईला माहीत नव्हतं. बाकी मी निभावून नेते. तुला झोडपायचं ते घरी झोडपेन.

तुझी ताई

२० ऑक्टोबर

शेपूट,

बैठक झाली. माझ्या शेजारी तुझ्यासाठी स्टूल ठेवलं होतं. त्यावर शेवटी कोठारातलं मांजर बसलं आणि लोकांना हसायला निमित्त झालं.

हॉटेलने ड्रायव्हरला पाठवलं होतं. बापडा साधा माणूस. त्याने खिशातून माझ्या गाठी काढल्या आणि पोती मोजायच्या काट्यावर मांडून ठेवल्या. सगळ्या पेंढ्याच्या, वाळून करकरीत झालेल्या. बघवेना. चोरीचा माल मांडावा तसा माझ्या हाताचा माल तिथे पडला होता. पाटकऱ्याने विचारलं, "पंपघराला का वळला नाहीस?" तो म्हणाला, "तिथे गाठ नव्हती. आम्हाला सांगितलं होतं, ज्या बाजूला गाठ त्या बाजूला वळायचं, आणि गाठ नसेल तर सरळ."

मी उठून म्हटलं, गाठ होती, तुझे डोळे फुटले होते. मग सगळ्यांना सांगितलं की माझा भाऊ विसरला, वेंधळा आहे, लहानपणापासून असाच आहे. तुझ्या वेंधळेपणाच्या एकेक गोष्टी रंगवून सांगितल्या. खरं तर तू कधीच वेंधळा नव्हतास. पण मला तेव्हा तू तसा हवा होतास.

मागून कुणीतरी विचारलं, "तो विसरला, की तू विसरायला सांगितलंस?" पाटकरी म्हणाला, "शेवटचा आल्याशिवाय निकाल नाही." पुढची बैठक आता कापणीच्या तोंडावर आहे. तोवर फेऱ्या बंद. सायकली आपल्या दुकानात भिंतीला टेकून उभ्या आहेत आणि मी रिकामपणी आरे घट्ट करत बसते. इतके घट्ट केलेत की चाकं तंबोऱ्यासारखी वाजतील.

आणखी एक. आपला पंक्चरवाला शहरात गेला होता. मला दुकानाच्या मागे घेऊन गेला, म्हणाला, "तुला वाईट वाटेल, पण तुझा भाऊ हॉटेलच्या ऑफिसात बसलेला बघितला. निळा शर्ट, खिशावर हॉटेलचं नाव. मला बघून आत गेला." मी म्हटलं, असेल, नोकरी शोधतच होता, कालपरवाच लागली असेल. तो हात पुसत राहिला. आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही. तिला वाटतं तू सुटे भाग आणायला गेला आहेस.

लागली असेल नोकरी तर लागू दे. चांगली गोष्ट कुणी घरच्यांपासून लपवतं का? तुझा जाड स्वेटर सोबत पाठवते आहे. कोपरावर विरला होता तिथे शिवला आहे, रंग जुळला नाही. बैठकीला घालून आलास तरी चालेल.

ताई

३० ऑक्टोबर

तुझी चिठ्ठी मिळाली. चार ओळी. मी इतकी पानं खरडली, तू चार ओळींत आटपलंस.

"विसरलो ग. सुट्टी मिळत नाही, यायला जमणार नाही. कापणी झाली की हॉटेल सायकल सफरीही सुरू करणार आहे, आपल्याच वाटेवर. पुढची सायकल तुझ्यासाठी राखून ठेवली आहे."

राखून ठेवली आहे. ऐकलंस का स्वतःचं? त्या वाटेवर वडिलांच्या दांड्याच्या सायकलवर मी पाय पुरत नसताना तिरकी चालवत होते आणि तू मागे कॅरिअरवर माझा फ्रॉक धरून बसायचास. पाट ओलांडताना डोळे मिटायचास. त्याच वाटेवर मला पुढची सायकल कोण राखून ठेवणार, तर निळा शर्ट. कुंपणानेच शेत खावं आणि वर शेताला जेवायला बोलवावं, तशातली गत.

त्या वाटेवर लोक का येतात हे तुला तरी सांगायला नको. मोठी माणसं, शिकलेली, हुद्द्याची, पंपघराशी येऊन थांबतात आणि उगीचच रडतात. एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "कित्येक वर्षांत मागून हॉर्न आला नाही असा हा पहिला तास." तिथे आपल्याच चाकाचा टकटक आवाज, पाण्यातून बेडकाची उडी, बगळा उठला तर त्याचे पंख, बस. कुठे चढ नाही, उतार नाही, माणूस दमत नाही, आणि न दमता इतका लांब जातो की स्वतःशी बोलायला लागतो. हे तू पाहुण्यांना माझ्यापेक्षा छान सांगायचास. ऐकताना मला वाटायचं, बोलावं तर या पोराने.

तरी चिठ्ठीतला एक शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. विसरलो. ठीक आहे. विसरणाऱ्याला क्षमा असते. तेवढं लोकांसमोर येऊन बोल, आणि मग जा हवं तिथे. सुट्टी नसेल मिळत तर दांडी मार. शाळेत मारायचास तेव्हा सही मीच करत होते.

ताई

५ नोव्हेंबर

आईच्या स्वयंपाकघराचं मागचं दार किती वर्षं वाजतं आहे हे तुला माहीत आहे. वारा नसला तरी वाजतं. काल दुपारी जेवताना माझ्या लक्षात आलं की ते वाजत नाही. बघितलं तर कडीला चिंधी गुंडाळून घट्ट गाठ मारलेली. पिवळी चिंधी.

त्या रविवारी पंपघराशी माझा पेंढा संपला होता. म्हणून मी माझा पिवळा रुमाल दातांनी फाडला आणि त्या चिंधीची गाठ मारली. उजवीकडच्या खांबाला, आपल्या अंगणाच्या बाजूला. काट्यावर मांडलेल्या गाठी सगळ्या पेंढ्याच्या होत्या. हे तिथे, त्याच वेळी माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही. मी ड्रायव्हरला आंधळा म्हणत बसले.

आईला विचारलं, ही कुठली? ती म्हणाली, "धाकट्याच्या हातात होती, त्या फेरीच्या दिवशी. टाकून देत होता. म्हटलं, दे इकडे, दाराला होईल."

ताट तसंच ठेवून मी उठले.

विसरणारा सगळ्याच विसरतो. तू पहिल्या वळणापासून एकेक गाठ बघत आलास, एकेक सोडत आलास, आणि पंपघराशी उतरून नेमकी एक उचललीस. उद्या गाड्या येतील तेव्हा आपल्या अंगणात यायला नकोत म्हणून. आणि त्यांना तूच शिकवून ठेवलंस, गाठ नसेल तर सरळ. पाहुण्यांना सांगायचा माझा नियम, माझेच शब्द, त्या ड्रायव्हरच्या तोंडून मी ऐकले आणि तरीही मला कळलं नाही. सरळ काय आहे ते तुला ठाऊक नव्हतं का? सरळ काकू आहे. तुला गोवर आला तेव्हा आई गिरणीत होती आणि तुझ्या उशाशी काकू बसली होती. तिचाच बांध तुला स्वस्त वाटला.

आईवरच्या मायेने केलं असेल, असंही मी मनाला सांगून पाहिलं. पटलं नाही. माया असती तर माझी आठवण आली असती. लोक गाठी ओळखतील, ताईच्या म्हणतील, हे तुला न कळण्याइतका तू खुळा नाहीस. तू मला पुढे घातलंस. नेहमीसारखंच, पुढे मी आणि मागे तू.

केसाने गळा कापला म्हणतात ना, ते मी आजवर नुसतं बोलण्यात वापरत होते. आज घशाशी हात जातो आहे.

बैठकीला अजून वेळ आहे. तू आलास आणि स्वतःच्या तोंडाने खरं सांगितलंस तर मी गप्प बसेन, तुझ्या बाजूला बसेन. नाही आलास तर मी सांगेन. हे धमकीसारखं वाटत असेल तर वाटू दे.

१३ नोव्हेंबर

तू आला नाहीस. मी सांगितलं.

मांजर होतं, स्टूल होतं. पाटकऱ्याने दाराकडे बराच वेळ बघितलं आणि मग माझ्याकडे. मी उभी राहिले आणि पिवळ्या चिंधीपासून सगळं सांगितलं. मधे एकदा पंक्चरवाल्याने पाण्याचा पेला पुढे केला. माझा भाऊ विसरला नव्हता, हे वाक्य बोलताना वाटलं, आता हे कधीच मागे घेता येणार नाही. तुला आतापर्यंत मी पुष्कळ वेळा पाठीशी घातलं. वडिलांपासून, मास्तरांपासून. त्या दिवशी पाठ बाजूला केली आणि मागे कुणी नव्हतंच.

मला वाटलं होतं लोक म्हणतील, बघा, आम्ही म्हणत नव्हतो? कुणीही म्हटलं नाही, त्याने जास्त लाज वाटली.

मग काकू बोलली. तिला बैठकीत बोलायची सवय नाही, पदराशी चाळा करत म्हणाली, "सायकलींनी माझं काही नेलं नाही. गाड्यांनी नेलं. पण आता शेवटच्या सायकलवर यांच्या घरचं माणूस नको. आपल्यातलं हवं." पाटकरी म्हणाला, "बसणार कोण? माणसं सगळी शेतात." काकू म्हणाली, "मी बसेन." कोठार हसलं. काकूने बापजन्मात सायकलला हात लावलेला नाही. पाटकऱ्याने हसू दाबलं आणि म्हणाला, "शीक मग. तू शिकलीस की वाट उघडली. तोवर बंद." निकाल झाला.

हॉटेलच्या गाड्या अडवायला पाटकऱ्याने पाटाच्या तोंडाशीच दगड रोवून ठेवले आहेत. सायकलचं हँडल तिरकं केलं तर जाईल एवढीच फट. तुझ्या साहेबांना सांग.

आईलाही सांगितलं. भाजी चिरत होती, चिरतच राहिली. मग म्हणाली, "स्वेटर मिळाला का त्याला?"

८ एप्रिल

हे पत्र लिहायचं नव्हतं. पण काल पहिली फेरी झाली, आणि तुला ते कळायला हवं.

काकू सायकल शिकली. कापणीनंतरच्या मोकळ्या शेतात, खुंटांवरून, रोज दुपारी. पडली, आपटली, एकदा सरळ पाटात गेली आणि पाण्यातूनच मला म्हणाली, "ब्रेक कुठला ते आधी सांगायचं होतंस ग." सारी पोरं बांधावर बसून बघायची. नंतर नंतर तीच पोरं सायकल धरायला पळायची. नवी लावणी झाली, रोपं गुडघाभर आली, आणि पाटकरी एक दिवस स्वतः दुकानात आला. सायकलींकडे बघून म्हणाला, "हवा भरून ठेव."

काल सकाळी निघताना मागचं दार पुन्हा वाजत होतं. आई चुलीशी होती. म्हटलं, दार वाजतंय. ती म्हणाली, "वारा आहे." वारा नव्हता. कडीला चिंधी नव्हती.

काल चार पाहुणे होते. पाण्यात आभाळ पडलं होतं आणि त्यावर रोपांची टोकं. मी पुढे, पेंढ्याच्या गाठी बांधत. हात विसरला नव्हता, उलटाच पीळ देत होता. अर्ध्या वाटेवर सवयीने मागे वळून बघितलं, लांब ठिपक्याएवढी शेवटची सायकल दिसते का. दिसली. डगमगत होती. तुझी कधी डगमगायची नाही. मला तुझी इतकी आठवण आली की चीड आली.

पंपघराशी आले तर खांबाला पिवळी चिंधी आधीच बांधलेली. उजव्या हाताची साधी गाठ, आईची. माझ्यासाठी नव्हती ती. शहराच्या रस्त्याने येणाऱ्याला दिसावी अशा बाजूला होती. आईचे गुडघे दुखतात, अंगणाबाहेर ती सहसा जात नाही. तिथवर कधी गेली आणि कशी गेली, मला माहीत नाही.

मी सायकल टेकवली. ती सोडून खिशात टाकता आली असती. काकूला थांबून सांगताही आलं असतं, बाई ग, ती एक राहू दे. मी माझी पेंढ्याची गाठ तिच्या शेजारी बांधली आणि वळले.

पाहुणे एकेक करत आले, हातपाय धुऊन पंगतीला बसले. शेवटी काकू आली. गुडघ्यापर्यंत चिखल, चेहरा लाल, वाट आपली झाल्यासारखी खूश. टोपली घेऊन थेट चुलीशी गेली आणि आईच्या पुढ्यात उपडी केली. पेंढा, पेंढा, आणि त्यात ती पिवळी.

आईने मान वर केली नाही. काकूने माझ्याकडे बघितलं. "सगळ्याच उचलायच्या ना ग?"

म्हटलं, "हो काकू. सगळ्या."

आईने पेंढा चुलीत घातला. चिंधी बोटांनी सरळ केली. मग तीही घातली.

ताई